‘बाई, ह्यातलं आमाला काय चालतंय?’ : श्राविका मंडळात आहारावर बोलायला जाण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. शिरोळ तालुक्यातल्या एका गावच्या श्राविका मंडळाने, म्हणजे जैन बायकांच्या मंडळाने, चातुर्मासात तुम्हाला आहारावर बोलायला बोलावलंय. सत्तर-ऐंशी बायका असतील. तिथे नुकतंच रक्ततपासणीचं शिबिर झालं. त्यात बऱ्याच जणींचं हिमोग्लोबिन कमी निघालं, आणि ज्यांनी बी-१२ जीवनसत्त्व तपासून घेतलं त्यांतल्या बहुतेकींचं तेही कमी. भाषणात सांगायच्या पदार्थांची यादी तुम्ही सोबत दिली आहे : मोड आलेली कडधान्यं, पालेभाज्या, बीट-गाजराची कोशिंबीर, अंजीर, इडली-डोशासारखे आंबवलेले पदार्थ, आणि नाचणीसत्त्व करून डबा भरून ठेवणं. धार्मिक भावना न दुखावता हे कसं सांगू, असं तुम्ही विचारलंय.

भावना वगैरे काही दुखावणार नाहीत. त्या बायका शांतपणे ऐकतील, टाळ्या वाजवतील, शाल-श्रीफळ देतील आणि घरी जाऊन यातलं एकही करणार नाहीत. कारण तुमच्या यादीतल्या सहाच्या सहा गोष्टी तिथे कुठल्या ना कुठल्या नियमात अडकतात.

हे मी टोचून बोलत नाहीये. बावीस वर्षांपूर्वी त्याच भागात माझं पहिलं भाषण झालं, तेव्हा माझी यादी तुमच्यापेक्षा वाईट होती. मी तर टेबलावर बीट कापून ठेवलं होतं. भाषण झाल्यावर पहिल्या रांगेतल्या एक आजी पदर सावरत पुढे आल्या, माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, “लई चांगलं सांगितलंस बाई. पर ह्यातलं आमाला काय चालतंय?” मी कागद बघितला. लिंबू आणि दूध सोडून काही सापडेना. तेव्हापासून मी आधी विचारते आणि मग बोलते.

म्हणून आधी तुमच्या यादीचं काय होतं ते सांगते. बीट, गाजर, मुळा, बटाटा, कांदा, लसूण ही कंदमुळं, ती जात नाहीत हे तुम्हालाही माहीत असेल. (हळद आणि सुंठ वाळलेली म्हणून चालते, ओलं आलं बहुतेक घरांत नाही.) पालेभाज्या पावसाळ्यात किडे-अळ्यांमुळे बंद. मोड आलेल्या कडधान्यात कोंब म्हणजे अनंत जीव असं मानतात, म्हणून कडक पाळणाऱ्या घरांत ती करत नाहीत. काही घरांत रात्रभर कडधान्य भिजतसुद्धा घालत नाहीत. इडली-डोशाचं पीठ रात्रभर आंबवलेलं, म्हणजे शिळं. अंजीर उंबराच्या कुळातलं, वड-पिंपळ-उंबराच्या फळांबरोबर वर्ज्य. आणि नाचणीसत्त्वाचा डबा तर मुळातच चुकला. दिगंबर (जैनांच्या दोन पंथांतला एक, दुसरा श्वेतांबर) घरांत पिठाला मुदत असते : पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, हिवाळ्यात सात. चातुर्मासात महिनाभराचं पीठ करून ठेवा असं सांगणं म्हणजे त्यांच्या दृष्टीने शिळं खा असं सांगणं.

यात भर म्हणजे द्विदल. कच्चं दूध-दही-ताक आणि डाळीचा पदार्थ एकत्र खात नाहीत. दहीवडा बाद, आमटीभातावर ताक बाद. काही घरांत दही तापवून घेतलं की बेसन घालून कढी चालते, काही घरांत तीही नाही. इथेच सगळ्यात मोठी अडचण आहे. ‘जैन आहार’ नावाची एक यादी नसते. श्वेतांबरांचे नियम वेगळे, दिगंबरांचे वेगळे. एकाच वाड्यातल्या सासूचे वेगळे आणि सुनेचे वेगळे, कारण सासूने गेल्या दशलक्षण पर्वात (दिगंबरांचं दहा दिवसांचं व्रतपर्व) आणखी एक वस्तू आयुष्यभरासाठी सोडलेली असते. सांगली-कोल्हापूरकडचा जैन समाज बहुतांश मराठी बोलणारा, शेती करणारा दिगंबर समाज आहे, पण जयसिंगपूर, इचलकरंजीसारख्या व्यापारी गावांत गुजराती आणि मारवाडी श्वेतांबर कुटुंबंही भरपूर. एका श्वेतांबर घरात मी हिमोग्लोबिनसाठी तीळ-खजुराचे लाडू सांगितले होते. महिना होता वैशाख. त्यांच्याकडे फाल्गुन चौमासीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत तीळ, खजूर आणि पालेभाज्या तिन्ही बंद. लाडू अर्थातच झाले नाहीत आणि मलाही कुणी काही बोललं नाही. पुढच्या तपासणीत आकडा तसाच होता, तेव्हा कळलं.

तेव्हा भाषणाच्या आठवडाभर आधी जाऊन मंडळाच्या दोन-तीन बायकांबरोबर त्यांच्या स्वयंपाकघरात बसा. काय चालत नाही हे विचारू नका, ती यादी लांबत जाते आणि तुम्ही नाउमेद होता. काल दिवसभर काय काय केलं होतं, गेल्या अष्टमीला काय केलं होतं, असं विचारा.

अष्टमी-चतुर्दशीचं महत्त्व लक्षात घ्या. त्या तिथींना हिरव्या भाज्या घेत नाहीत. शहरातला आहारतज्ज्ञ हे ऐकून कपाळाला हात लावतो, पण मला तिथी फार उपयोगी वाटते. भाजी नसली की पानात डाळ वाढते. पिठलं, शेंगदाण्याची आमटी, अख्ख्या मुगाची उसळ, सांडग्यांचा रस्सा, चकोल्या हे सगळं तिथीचं जेवण. आमच्या भागातल्या बायकांना मी सांगते, की तुमचं तिथीचं ताट रोजच्या ताटापेक्षा चांगलं आहे, तेच आठवड्यात आणखी दोनदा करा. यात नवीन काही शिकायचं नसल्यामुळे ते होतं.

आता प्रथिनांचं. इथे आकडे सांगू नका, गाळणी घेऊन जा. मी हे कितीतरी ठिकाणी केलंय आणि दरवेळी चालतं. मंडळातल्याच एकीला तिच्या घरची रोजची आमटी वाटीभर आणायला सांगायचं. सगळ्यांसमोर ती वाटी चहाच्या गाळणीत ओतायची. पाणी खाली जातं आणि गाळणीत दीड-दोन चमचे डाळ उरते. ती गाळणी पहिल्या रांगेतून फिरवायची. हसतात, एकमेकींना कोपरखळ्या मारतात, “तुझी आमटी न्हवं, कट हाय नुसता!” मग मी हिशेब मांडते. पाच माणसांच्या आमटीला अर्धी वाटी तूरडाळ, म्हणजे साधारण ७५ ग्रॅम. त्यात प्रथिनं १६ ग्रॅम. माणशी वाट्याला तीन-सव्वातीन. आणि ५५ किलो वजनाच्या बाईला आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२० च्या शिफारशीप्रमाणे किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे दिवसाला ४५-४६ ग्रॅम लागतात. ज्वारीच्या पिठात शंभर ग्रॅमला दहाच्या आसपास असतात, त्यामुळे भाकरीतून बरंच येतं. कपभर दुधातून आठ, मूठभर शेंगदाण्यांतून सात. पण आमटी पातळ राहिली तर गाडी तीसच्या पुढे सरकत नाही. घरातल्या बाईच्या वाट्याला तर पातेल्यातलं वरचंच येतं, कारण ती शेवटी बसते. हे मी बोलत नाही, त्याच बोलतात.

तोडगा सोपा आहे : डाळ दुप्पट, पाणी तेवढंच. दळणात सोयाबीन घालायचं असेल तर भाजून, किलोभर गव्हाला शंभर ग्रॅम. पण पिठाची मुदत लक्षात ठेवून दोन-तीन दिवसांपुरतंच. घरघंटी आल्यापासून हे अवघड राहिलेलं नाही.

लोहाबद्दल बोलताना माझा सगळा भर लोखंडी कढईवर असतो. आख्ख्या नियमावलीत कढईविरुद्ध एक अक्षर नाही. पिठलं, उसळ, आमसूल घातलेली आंबट आमटी लोखंडी कढईत शिजली तर लोह अन्नात उतरतं, आणि आंबटामुळे जास्त उतरतं. रंग थोडा काळपट येतो, चव किंचित बदलते, म्हणून नव्या सुनांनी कढया माळ्यावर टाकल्यात आणि नॉनस्टिक आणलंय. त्या खाली काढायला सांगा. शिजलं की पदार्थ कढईत ठेवायचा नाही, काढून घ्यायचा. जेवताना वरून लिंबू पिळायचं, कारण क जीवनसत्त्व असलं की धान्य-डाळींतलं लोह जास्त शोषलं जातं. तिथीला लिंबू चालत नसेल तर आमसूल, आमचूर, वाळलेला आवळा यांतल्या आंबटाचीही थोडी मदत होते. आणि जेवणानंतर लगेच चहा नको, तास-दीड तासाने. चहातली टॅनिनं लोह धरून ठेवतात. राजगिरा, बाजरी, चवळी, मटकी, हळीव यांतलं काय चालतं ते विचारून घ्या आणि तेच सांगा.

पण एवढ्याने रक्त वाढेल असं वचन देऊ नका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांत रक्तक्षय आढळला. त्यात मटण-मासे खाणाऱ्याही आल्या. त्यामुळे ‘तुम्ही मांस खात नाही म्हणून रक्त कमी’ हे वाक्य चुकूनही तोंडातून जाऊ देऊ नका. एक तर ते अर्धवट आहे आणि दुसरं म्हणजे त्या वाक्यानंतर कुणी ऐकत नाही. हिमोग्लोबिन आठ-नऊ असलेल्या बाईला कढई पुरत नाही, गोळ्याच लागतात. पाळीत फार रक्त जातंय का, जंत आहेत का हेही बघावं लागतं.

आणि आता ज्यासाठी मी हे एवढं लांबलचक लिहायला बसले ते. बी-१२.

बाकी सगळ्या बाबतीत नियमांच्या आत राहून वाट काढता येते. बी-१२ च्या बाबतीत ताटातून वाट नाही, आणि हे तुम्ही स्पष्ट बोललं पाहिजे. वनस्पती बी-१२ तयार करत नाहीत. ते जिवाणू बनवतात आणि प्राण्यांच्या शरीरातून आपल्यापर्यंत येतं. स्पिरुलिना, आंबवलेलं पीठ, मशरूम वगैरेंबद्दल जे फिरत असतं त्याच्यावर विसंबू नका. स्पिरुलिनातलं बरंचसं तर शरीराला न चालणारं नकली बी-१२ असतं. शाकाहारी माणसाकडे खात्रीचा स्रोत एकच, दूध-दुभतं. मोठ्या माणसाला दिवसाला २.२ मायक्रोग्रॅम लागतं. गाईच्या शंभर मिलिलिटर दुधात असतं साधारण ०.४. म्हणजे रोज अर्धा लिटर दूध प्यायलं तर कसंबसं जमतं, आणि उकळण्यात थोडं जातं ते वेगळं. आता विचारा, अर्धा लिटर कोण पितं? बायका चहात घालतात ते दोन चमचे. बाकीचं डेअरीला. शिवाय रसत्याग (दूध, दही, तूप असे रस सोडण्याचं व्रत) असला की दूध-दही त्या दिवशी बंद. वर घरची म्हैस असली तर “आमच्याकडं दुधाला कमी न्हाई” असं उत्तर येतं. गोठ्यातल्या दुधातलं पोटात किती जातं ते विचारायचं. जे काही घेतात ते एकदम पेलाभर घेण्यापेक्षा दोन-तीनदा विभागून घेतलेलं बरं, कारण एका वेळी आतडं दीड-दोन मायक्रोग्रॅमच्या पुढे फारसं शोषत नाही.

हे कमी पडतंय हे लवकर कळत नाही, कारण यकृतात काही वर्षं पुरेल एवढा साठा असतो. मग हळूहळू थकवा, जीभ लाल होऊन झोंबणं, बोटांच्या पेरांवर काळेपणा, हातापायांना मुंग्या, विसरभोळेपणा. माझ्याकडे एक अक्का यायच्या, साठीच्या. तक्रार काय, तर देवळातून येताना पायातली चप्पल निसटते आणि ते कळतच नाही, दहा पावलं गेल्यावर पायाला खडा टोचला की मागे बघतात. हिमोग्लोबिन बारा. म्हणून दोन वर्षं कुणी बी-१२ तपासलंच नव्हतं. डाळी-भाज्यांतून फोलेट (ब गटातलंच दुसरं जीवनसत्त्व, गोळीतलं फोलिक ॲसिड) भरपूर मिळत असलं की रक्त बरं दिसतं आणि मज्जातंतूंचं नुकसान आत चालूच राहतं. त्यांना इंजेक्शनं सुरू केल्यावर थकवा महिन्याभरात गेला, पायाचा बधिरपणा मात्र सगळा गेला नाही.

फोलेट आणि बी-१२ च्या या विषम जोडीवर महत्त्वाचं काम आपल्याकडेच, पुण्यात झालंय. केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायकांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. जवळजवळ दोन तृतीयांश बायकांत बी-१२ कमी होतं. ज्या आयांचं बी-१२ कमी आणि फोलेट जास्त, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला होणारा प्रतिरोध (मधुमेहाकडे नेणारी अवस्था) सर्वांत जास्त आढळला, हे २००८ साली प्रसिद्ध झालं. त्या बायका काही जैन नव्हत्या, साध्या शेतकरी कुटुंबांतल्या होत्या. मी हे मुद्दाम सांगते, म्हणजे बी-१२ हा कुणा एका धर्माच्या आहाराचा दोष म्हणून उभा राहत नाही. आणि तुमच्या श्रोत्यांत ज्या गरोदर किंवा नवविवाहित असतील त्यांच्यासाठी एक नेमकी गोष्ट : सरकारी दवाखान्यातून मिळणाऱ्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड असतं. बी-१२ नसतं. गोळी घ्यायचीच, पण बी-१२ चं डॉक्टरांना वेगळं विचारायचं. अंगावर पिणाऱ्या बाळाला ते आईकडूनच मिळतं. आईकडेच नसेल तर बाळ सुस्त होतं, शिकलेली हालचाल विसरतं, कधी हातपाय थरथरायला लागतात. हे आपल्या देशातल्या बालरोगतज्ज्ञांना चांगलं परिचयाचं आहे.

‘तुमच्या आजी-पणजी गोळ्या घेत होत्या का?’ हा प्रश्न येणारच. मी भांडत नाही. त्यांचं बी-१२ कुणी तपासलं नव्हतं एवढंच सांगते, आणि म्हातारपणी पाय बधिर झालेली, विसरायला लागलेली एखादी आजी प्रत्येक घरात होती का ते आठवायला सांगते. सभा दोन मिनिटं गप्प होते.

गोळी म्हटलं की पुढचा प्रश्न : ती कशाची असते? याचं खरं उत्तर तयार ठेवा, थातुरमातुर नको. मी एकदा भाषणाआधी गावात चातुर्मासासाठी असलेल्या आर्यिका माताजींना (दिगंबर साध्वींना) भेटायला गेले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि हेच विचारलं. मी सांगितलं, की बी-१२ मोठ्या टाक्यांत जिवाणू वाढवून, त्यांच्याकडून तयार करून घेतात, त्यात जनावर कुठेच येत नाही. त्या म्हणाल्या, “जिवाणू म्हणजे जीवच.” मी हो म्हटलं. थोडा वेळ त्या बोलल्या नाहीत. मग दह्याचा विषय त्यांनीच काढला, कारण दह्यातही जिवाणू असतातच, आणि आजारी श्रावकाने औषध म्हणून काय घ्यावं हे त्याचं त्याने ठरवावं असं म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी प्रवचनाच्या शेवटी त्यांनी बायकांना तपासणी करून घ्यायला सांगितलं. माझ्या पंचवीस भाषणांनी झालं नसतं ते त्या एका वाक्याने झालं. तेव्हा आधी त्यांची भेट घ्या. लाडीगोडी लावायला जाऊ नका, जे आहे ते सांगा.

मात्र औषधाच्या दुकानात सावध राहायला शिकवा. गोळी आणि कॅप्सूल यांत फरक आहे. बहुतेक कॅप्सूलचं आवरण जिलेटिनचं, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यांपासूनचं असतं. अन्नाच्या पाकिटावर हिरवा ठिपका असतो तसा औषधांवर असेलच असं नाही. बी-१२ साधी गोळी किंवा जिभेखाली ठेवायची गोळी म्हणून मिळतं, तेच मागायचं. ड-३ जीवनसत्त्व बहुधा मेंढीच्या लोकरीतल्या मेणापासून काढतात. दगडफुलाच्या कुळातल्या लायकेनपासूनही ते मिळतं, महाग पडतं. पूर्वी रक्तवाढीच्या काही टॉनिकांत तर जनावरांच्या रक्तातलं हिमोग्लोबिन असायचं. हे तुमच्याकडून कळलं तर विश्वास बसतो. नंतर दुसरीकडून कळलं तर तुमची सगळी सभा वाया गेली असं समजा.

आणखी एक गोष्ट डॉक्टरांच्याही ध्यानात येत नाही. चिठ्ठीवर लिहिलेलं असतं ‘रात्री जेवणानंतर १’. या बायका सूर्यास्तानंतर जेवत नाहीत, पुष्कळ जणी पाणीही घेत नाहीत. त्या हे डॉक्टरांना सांगत नाहीत, आणि गोळी डब्यात राहते. एका बाईंनी मला तीन महिन्यांच्या लोहाच्या गोळ्यांची न उघडलेली पाकिटं आणून दाखवली होती, “रातची हाय न्हवं ती.” मी मंडळात छोट्या चिठ्ठ्या वाटते : ‘मी सूर्यास्तानंतर काहीही घेत नाही. कृपया औषधाच्या वेळा दिवसा लिहा.’ पर्समध्ये ठेवायची, डॉक्टरांच्या टेबलावर ठेवायची. मधुमेहाच्या रुग्णांसाठी तर हे फार महत्त्वाचं आहे. डिसेंबरात आपल्याकडे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. तिथून सकाळपर्यंत तेरा-चौदा तास पोट रिकामं, आणि इन्सुलिन मात्र साडेआठला जेवणाऱ्या माणसाच्या हिशेबाने, म्हणजे पहाटे साखर उतरलीच.

उपवासांबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण चातुर्मासात विषय निघणारच. जैन उपवास म्हणजे साबुदाण्याची खिचडी हे डोक्यातून काढा. एकाशन म्हणजे दिवसातून एकदाच जेवण. श्वेतांबरांच्या आयंबिलात एकदाच, तेही दूध-तूप-तेल-गूळ-साखर-भाजी-मसाल्याशिवाय उकडलेलं धान्य नि डाळ. आणि उपवास म्हणजे फक्त उकळलेलं पाणी, तेही दिवसा, किंवा तेही नाही. अठ्ठाई आठ दिवसांची, मासखमण महिन्याचं. हे करू नका असं सांगायचा तुम्हाला अधिकार नाही आणि त्याचा उपयोगही नाही. सांगायचं ते दोन ठिकाणी. पहिलं, सुरू करण्याआधी : गरोदर, अंगावर पाजणारी, इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेणारी, मूत्रपिंडाचा आजार असलेली अशा बायकांनी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय लांबचा उपवास धरू नये. लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या मधुमेहाच्या नव्या गोळ्या लंघनात चालू राहिल्या तर रक्तातलं आम्ल वाढून जिवावर बेतू शकतं. श्वेतांबरांच्या पच्चक्खाणात (उपवास धरताना घ्यायच्या प्रतिज्ञेत) आजारपणासाठी सवलत, आगार, मुळातच ठेवलेली आहे. हे तुम्ही सांगण्यापेक्षा त्यांच्या साध्वीजींनी सांगितलेलं बरं.

दुसरं, पारणं, म्हणजे उपवास सोडणं. लांबच्या उपवासात खरा धोका शेवटच्या दिवशी असतो. घरात पाहुणे, कौतुक, पेढे, सरबतं. आठ-दहा दिवस रिकाम्या शरीरात एकदम साखर गेली की इन्सुलिन उसळतं आणि रक्तातलं फॉस्फरस, पोटॅशियम पेशींत ओढलं जाऊन झपाट्याने खाली येतं. मग धडधड, सूज, अशक्तपणा, क्वचित त्याहून वाईट. जुन्या पद्धतीत पारणं मुगाच्या पाण्याने, पातळ राबेने, घोटाघोटाने व्हायचं. दोन-तीन दिवस तसंच हळूहळू चढवायचं. ते का, एवढं समजावून सांगितलं तरी पुरे, आणि ते पाहुण्यांसमोर सांगा.

मिठाचंही जाता जाता. काही घरांत बारा महिने सैंधवच वापरतात. त्यात आयोडीन मिसळलेलं नसतं. गरोदर सुनेच्या जेवणात तरी आयोडीनचं मीठ असावं.

तुम्ही शेवटी विचारलंय, की हेच भाषण माळकऱ्यांसमोर चालेल का. नाही. तुळशीची माळ घातलेल्यांकडे मोड, भाकरी, ताक, पालेभाजी, गाजर सगळं चालतं, काहींचा कांदा-लसूण तेवढा बंद. तिथे अडचण एकादशीची, आणि ती उपाशी राहण्याची नसून ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ची. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट, वर तूप-बटाटा. त्याऐवजी भगर, शेंगदाण्याची आमटी, राजगिरा, दही सांगा. बी-१२ चं मात्र तेच, शब्दाचाही फरक न करता. तसंच परदेशातल्या जैन मुलामुलींचं. अमेरिकेतल्या जैन संस्थांत दूधही सोडण्याकडे कल वाढलाय. तुमच्या मंडळातल्या एखादीचा नातू तिकडे असेल आणि त्याने दूध सोडलं असेल, तर त्याला आजच गोळी सुरू करायला सांगा. तीन वर्षांनी मुंग्या यायची वाट बघायला नको.

भाषणाची वेळ दुपारी तीनची घ्या आणि साडेचारला संपवा. पाचला प्रत्येकीला चुलीपाशी जायचं असतं. दिवस अष्टमी-चतुर्दशीचा असेल तर भाजी कापून दाखवायचा कार्यक्रम ठेवू नका. दशलक्षण पर्वाच्या दिवसांत रक्त तपासायला लावू नका, एकाशनं चालू असतात. दिवाळीनंतरची तारीख त्याच सभेत ठरवून, वहीत लिहून घ्या. आणि लोहाचं नि चहाचं सांगून तुम्ही खाली बसलात, की दोन मिनिटांत मागून चहाचा ट्रे येईल. दरवेळी येतो. मी एक कप घेते. तिथल्या बायका हसतात, म्हणतात, “तुमी गोळी कवा घेता मग?” मी सांगते, सकाळी दहाला, लिंबूपाण्याबरोबर.